पाच, चार, उणे एक, एक

अमेरिकेत राहणाऱ्या साडूला दर दोन वर्षांनी नवा छंद लागतो. लागला तर लागो, पण त्याला सोबत लागते, आणि बायका सख्ख्या बहिणी असल्यावर ती सोबत कोण देणार हे आधीच ठरलेलं असतं. आमच्या साडूंनी घरी आंबवलेला पाव केला, तो आम्ही चावला. त्यांनी दुर्बीण घेतली तेव्हा जानेवारीच्या थंडीत त्यांच्या अंगणात कुडकुडत आम्ही शनीची कडी पाहिली. म्हणजे दिसली असं म्हणालो आणि घरात पळालो. आता डिस्क गोल्फ.

हा गोल्फच, फक्त काठी नाही आणि चेंडूही नाही. खांबावर एक लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या लोंबतात. लांबून प्लास्टिकची तबकडी भिरकवायची, पडेल तिथे जाऊन पुन्हा भिरकवायची, आणि साखळ्यांवर आपटून ती टोपलीत पडली की ते होल संपलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या शार्लट शहरात यासाठी बागाच बागा आहेत, बहुतेक सार्वजनिक. तिकीट नाही, सभासदत्व नाही, पांढरी पँट नाही. फुकट आहे म्हटल्यावर मी हो म्हणून बसलो. डिस्क विकत घ्यावी लागते हे साडूंनी नंतर सांगितलं.

डिस्कच्या तीन जाती. ड्रायव्हर म्हणजे रुंद, धारदार काठाची, लांब जाणारी. पटर म्हणजे बोथट काठाची, जवळून टोपलीत टाकायची. या दोघींच्या मधली ती मिडरेंज. नवशिक्याने सुरुवात मिडरेंजनेच करावी यावर तमाम जाणकारांचं एकमत आहे. कुठल्या मिडरेंजने, यावर दोन जाणकारांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आणि हा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर वीसेक डिस्कचं दप्तर असतं, त्यात निम्मे ड्रायव्हर.

"साडूभाऊ, तुम्ही फक्त आकडे बघा," दुकानाच्या वाटेवर गाडीत साडू म्हणाले. "आकड्यांत सगळं आहे."

आकडे चार असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. स्पीड म्हणजे ती डिस्क नीट उडायला हाताला किती जोर पाहिजे. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती टिकते. टर्न म्हणजे सुटल्यासुटल्या, अंगात वेग असताना, ती उजवीकडे किती झुकते. हा आकडा बहुधा शून्य किंवा उणे. आणि फेड म्हणजे दम संपत आल्यावर ती डावीकडे किती वळते. मिडरेंजचा स्पीड साधारण चार-पाच. साडूंनी हे सगळं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून, हवेत वळणं काढून समजावलं. मला डिस्कपेक्षा हायवेची काळजी जास्त होती.

"पण मी डावखुरा आहे," मी म्हणालो.

साडू गप्प झाले. कारण ही सगळी उजवी-डावी उजव्या हाताने, छातीसमोरून बॅकहँड फेकणाऱ्याची. डावखुऱ्याने सगळं उलटं वाचायचं. जी त्यांना डावीकडे नेते ती मला उजवीकडे नेणार. डावखुऱ्यांसाठी वेगळी डिस्क नसते. डिस्क तीच, शहाणपण तेवढं आरशात बघून घ्यायचं. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून आजीचे फटके खाल्लेल्या माणसाला हे नवीन नाही. तरी वीस डॉलर मोजून पुन्हा तेच ऐकायला लागेल असं वाटलं नव्हतं.

वास्तविक या खेळात एवढी निवड करायची वेळच पूर्वी येत नसे. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्हच्या बागेत पहिलं कायमस्वरूपी मैदान मांडलं, दुसऱ्या वर्षी खेळाची संघटना काढली, साखळ्यांची टोपली ही त्यांचीच करामत. तेव्हा लोक समुद्रावरची साधी बोथट फ्रिसबी घेऊन खेळत. पंचाईत केली ती १९८३ने. त्या वर्षी इनोव्हा कंपनीच्या डेव्ह डनिपेस यांनी तबकडीच्या काठाला उतरती धार दिली. ती वारा कापत लांब गेली आणि मग काठ किती रुंद, किती उतरता, पाठ किती फुगीर, यात प्रत्येकाने आपलं डोकं चालवलं. आज संघटनेने मान्य केलेले नमुने हजाराच्या पुढे आहेत. हेड्रिक २००२ साली गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या गेल्या. आपल्याकडे गंगेत जातात, हे गृहस्थ कुणाच्या तरी ड्राइव्हबरोबर सुटले. मला या माणसाबद्दल आदर आहे, पण साडूंना असली कल्पना सुचू नये.

दुकानात शिरलो तर समोर भिंत. छतापासून गुडघ्यापर्यंत तबकड्या. माको, शार्क, पँथर, गेटर, कोब्रा: प्राणिसंग्रहालय विकायला काढल्यासारखा थाट. बरं, एक नाव पसंत केलं म्हणून भागत नाही. तीच डिस्क चार प्रकारच्या प्लास्टिकमध्ये. स्वस्तातलं दहा-बारा डॉलरला: हाताला चिकटून बसतं, पण झाडांवर आपटून लवकर खरबरीत होतं. भारीतलं अठरा-वीसला: काचेसारखं गुळगुळीत, वर्षानुवर्षं जसंच्या तसं. मी सवयीने दोन्हींचे रुपये केले आणि सवयीनेच पस्तावलो.

शिवाय वजन. मैल, पाउंड, औंस आणि फॅरनहाइट यांवर जगणारा हा देश. डॉक्टरकडे मी किलोत वजन सांगितलं की नर्स माझ्याकडे दयेने बघते. पण इथे, तबकडीच्या पाठीवर, सगळे मुकाट्याने ग्रॅमवर आलेले. फेकायची तीनशे फूट, पण वजन एकशे पंच्याहत्तर ग्रॅम, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नियमही तसाच: व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नये. अमेरिकेला मेट्रिक पद्धत शिकवायची तर शाळांपेक्षा बागांतून शिकवावी.

शेजारी एक पिकली दाढी उभी होती. तो गृहस्थ एकेक डिस्क काढून, दोन्ही हातांनी किंचित वाकवून, भेंडीचं टोक मोडून बघावं तसं काहीतरी तपासत होता. मग ती काउंटरवर पालथी घालून डोळा काउंटरच्या पातळीला आणून पाहायचा. फुगीर की सपाट? काठाच्या खाली बोट फिरवायचा. तिथे बारीक कड आहे की नाही? तीन डिस्क त्याने बाजूला ठेवल्या. तिन्ही एकाच नावाच्या, एकाच वजनाच्या, एकाच प्लास्टिकच्या. मी धीर करून विचारलं की यांत फरक काय. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "ही बुधवारी बनलीय." तो थट्टा करत होता की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी काही न घेता परतलो. साडू नाराज. मधल्या काळात मराठी मंडळाचा गणपती आला आणि प्रसादाच्या रांगेत साडूंनी विषय काढला. बस. मंडळात इतके डिस्क गोल्फवाले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही त्या क्षणापर्यंत नसावं.

एकजण म्हणाला, रॉक घ्या, डोळे मिटून रॉक. १९८७ची डिस्क, आकडे चार, चार, शून्य, तीन. स्वस्त प्लास्टिकमध्ये घ्यायची आणि झाडांवर आपटू द्यायची. आपटून आपटून काठ झिजतो, वळणं सौम्य होतात आणि ती सरळ जायला लागते. झाडावर आपटणं हा गुण असलेली वस्तू असू शकते हे ऐकून मला पहिल्यांदाच या खेळात आपलं काही होईल असं वाटलं. दुसऱ्याने त्याला तिथेच झापलं: शेवटचा आकडा तीन आहे, नवशिक्याची डिस्क गेल्याबरोबर कोसळेल. त्याची शिफारस माको थ्री: पाच, पाच, शून्य, शून्य. "सरळ फेकली की सरळ जाते." मग वाकडी फेकली की? "वाकडी जाते. खोटं बोलत नाही." मला मराठी मंडळाकडून असा प्रामाणिकपणा नको होता. तिसऱ्याचा आग्रह टुर्सास नावाच्या डिस्कचा, टर्न उणे तीन. आरतीचं तबक घेऊन आलेल्या काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे ताटलीच ना? मग आधी घरातली एखादी फेकून बघ."

सगळे हसले. पण काकूंचं चुकलं नव्हतं. फ्रिसबी ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या फ्रेड मॉरिसन यांनी सुरुवात डब्याच्या झाकणावर आणि केकच्या पत्र्याच्या थाळीवरच केली होती. पाच सेंटची थाळी ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पंचवीस सेंटला विकत. त्या थाळीवर एकही आकडा नव्हता.

शेवटी मुद्दा लक्षात आला तो मैदानात. साडू मला हॉर्नेट्स नेस्ट पार्कमध्ये घेऊन गेले. (या नावामागे कॉर्नवॉलिस आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७८० साली, शार्लटकरांनी त्याला इतका छळला की त्याने या गावाला गांधीलमाश्यांचं पोळं म्हटलं असं सांगतात. तोच पुढे हिंदुस्थानात येऊन हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांबरोबर टिपू सुलतानाविरुद्ध लढला. ही माहिती मी साडूंना दिली. ते म्हणाले, "फेका आता.") सगळीकडे उंच पाइन, मधून अरुंद बोळ. साडूंनी आपला आवडता ड्रायव्हर काढला. नाव डिस्ट्रॉयर, बारा, पाच, उणे एक, तीन. तीन पावलं धावत जाऊन, तोंडाने आवाज काढून त्यांनी तो फेकला. आकड्यांप्रमाणे तो आधी किंचित उजवीकडे झुकायचा होता. तो झुकलाबिकला काही नाही, थोडं अंतर कापून सरळ डावीकडे वळला आणि पॉयझन आयव्हीत घुसला. पॉयझन आयव्ही म्हणजे इकडची खाजकुयली. आत कोण जाणार यावर आम्ही वयाचा मान राखून चर्चा केली.

मग ध्यानात आलं. ते चार आकडे डिस्कचे नाहीतच. ते एका न दिसणाऱ्या माणसाचे आहेत, ज्याचा खांदा भक्कम आहे, कंबर वेळेवर वळते आणि जो रोज सरावाला येतो. त्याने फेकल्यावर ती डिस्क तशी उडते. आमच्यासारख्या, आयुष्यभर माउस हलवलेल्या हाताने फेकली तर ती टर्न होण्याइतक्या वेगाला पोचतच नाही. मधले आकडे गळून जातात, उरतो तो फेड. म्हणजे आमच्यासाठी प्रत्येक डिस्क छापलेल्यापेक्षा जास्त हट्टी. तेव्हा नवशिक्याने फेड एकच्या आसपास बघावा, टर्न उणे एक किंवा त्याखाली, ग्लाइड चारपेक्षा कमी नको, आणि वजन एकशे सत्तर ग्रॅमच्या आत असलं तर हाताला बरं. एवढ्याने हजारातल्या नऊशे बाद होतात. उरलेल्या शंभरांत फारसा फरक नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी त्या दाढीवाल्यासमोर बोलणार नाही.

रंगाचा प्रश्न मात्र कुठल्याच जाणकाराने काढला नव्हता. तो बायकोने काढला. ऑक्टोबरचा महिना, पाइनच्या सुया तपकिरी, मेपलची पानं पिवळी-नारिंगी-लाल. साडूंना एक डिस्क फार आवडली होती, सूर्यास्तासारखी रंगीबेरंगी. "ही एकदा पडली की एप्रिलपर्यंत सापडायची नाही," बायको म्हणाली. हिरवी बाद, पांढरी धुळीने दुसऱ्या दिवशी मातकट. "गुलाबी घे."

"गुलाबी?" साडू.

"जंगलात गुलाबी काय असतं?" ती म्हणाली. कुणालाच काही आठवलं नाही.

घेतली. डिस्क्राफ्ट कंपनीची बझ, इंग्रजीत तीन झेडवाली: पाच, चार, उणे एक, एक. २००३पासून चालत आलेली. भारी प्लास्टिकची, हलकी, आणि लग्नातल्या मिठाईच्या डब्यासारखी गुलाबी. या खेळात डिस्कच्या पोटावर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहायचा रिवाज आहे. हरवली की सापडणारा फोन करतो. मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

आणि ती उडाली हो. झेपेल तेवढ्या जोरात, पण सपाट सोडली की सरळ जाते, शेवटी जराशी उजवीकडे उतरते आणि सुयांच्या गादीवर अलगद बसते. साखळ्यांचा आवाज पहिल्यांदा झाला तेव्हा मी नकळत "मोरया" म्हणालो आणि शेजारच्या होलवरचे लोक वळून बघायला लागले. साडूंनी सलग दोन होलवर ती "फक्त बघायला म्हणून" मागून घेतली.

पुढच्याच रविवारी ती ओढ्यापलीकडे गेली. वारा होता. अंधार पडेपर्यंत शोधली. सापडली नाही, गुलाबी असूनही. घरी पोचलो तोवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला होता: तुमची डिस्क मिळाली, पहिली फेक करतात त्या टीजवळच्या पेटीत ठेवली आहे, माफ करा, दोन-चारदा फेकून पाहिली, छान आहे, पण नवशिक्याला इतकी हलकी नको, एकशे पंच्याहत्तरची बघा.

मी मेसेज साडूंना दाखवला.

"बघा," ते म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. डिस्कवर आम्ही माझं नाव लिहिलं होतं आणि नंबर. नवशिका असं कुठेही लिहिलं नव्हतं.