घोड्यावर झोपणारा मावळा: एका मेसेजला उत्तर

दसऱ्याच्या आदल्या रात्री घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तुम्हालाही आला असेल, कारण मला तो तीन दिवसांत चार ठिकाणांहून आला. मजकूर असा: "मराठा मावळा घोड्यावर बसूनच कणसं चोळून खायचा. घोड्यावरच झोपायचा. त्याला ना तंबू लागायचा, ना पगार. लूट हाच त्याचा पगार. दसऱ्याला सोन्याने लादलेला घोडा घेऊन तो घरी यायचा, म्हणून आपण सोनं वाटतो. अभिमान असेल तर पुढे पाठवा."

अभिमान मलाही आहे. पाठवणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. पण या चार ओळींत त्या माणसाचे कष्ट, त्याचा हिशेब आणि त्याचं घर सगळंच पुसलं गेलंय. म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

आधी कणसं. थोरल्या बाजीरावांचं तसं चित्र एका चित्रकाराने काढून नेलं, ही आख्यायिका जुनी आहे. लांबची दौड असेल तेव्हा स्वारांनी वाटेतली कणसं चोळून खाल्लीही असतील. पण हुरड्याचे दिवस मार्गशीर्ष-पौषातले, आणि मोहीम चालायची दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. उरलेल्या महिन्यांत शिपाई काय खायचा? आपल्या ठाण्याकडे तर जोंधळा नाहीच. इथे खाजणं, मिठागरं आणि भातशेती. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो. इथे लढायला आलेल्याच्या हाती कणीस लागणं कठीणच होतं.

फौजेचं पोट चालायचं ते बाजारावर. छावणीबरोबर बाजार चालायचा, वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणायचे आणि शिपाई ते आपल्या पैशाने विकत घ्यायचा. वैरण आणि सरपण आणायला रोज 'कही', म्हणजे माणसांची टोळी, बाहेर पडायची. पहाऱ्यातल्या माणसापेक्षा कहीला गेलेल्याच्या जिवाला धोका जास्त, कारण शत्रू तिलाच गाठायचा. पानिपतावर भाऊसाहेबांची फौज उपाशी पडली त्यामागे हेच आहे: रसद तुटली, कही बाहेर निघेना. कणसं चोळून भागत असतं, तर १७६१ च्या जानेवारीत उपाशी पोटी रणात उतरायची वेळच आली नसती.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढंच आपण त्यातून लक्षात ठेवतो. ते सबंध पत्र वाचा. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात मिळायची नाही, घोडी मरतील, मग लोक कुणब्यांचे दाणे, भाकर, गवत, फाटी, भाजी आणू लागतील आणि रयतेला वाटेल यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल, हेसुद्धा त्यात आहे. ज्याची फौज घोड्यावर बसून हवेवर जगते, तो राजा गवताच्या गंजीची आणि उंदराची काळजी का करेल?

आता घोड्यावर झोपणं. आमच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, साताऱ्याकडचे. त्यांना मेसेज दाखवला तर म्हणाले, "अरे, मग घोडा कधी झोपायचा?" एवढं उत्तर खरं तर पुरे. पण घोडा म्हणजे काय होतं, ते सांगायलाच हवं. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या पैशाचा, बारगिराचा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीच गेली. रात्रभर खोगीर ठेवलं तर घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा पुढचे कित्येक दिवस कामाचा नाही. म्हणून मुक्कामावर पोचल्यावर स्वार आधी खोगीर उतरवायचा, आगाडी-पिछाडी बांधायची, खरारा करायचा, पाणी दाखवायचं, चंदीचा तोबरा चढवायचा. स्वतःची भाकर त्यानंतर. मग घोंगडी अंथरून जमिनीवर पडायचं, नाहीतर रात्रीच्या छबिन्याला उभं राहायचं. दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद असावा, हा शिवकाळातला नियम महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या सभासदाने लिहून ठेवलाय. ही शिस्त होती म्हणून फौज दौडू शकली.

आणि सगळेच स्वार होते कुठे? मावळा म्हणजे मुख्यतः पायदळाचा माणूस. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत घोड्यांना फारसं कामच नव्हतं. अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या इथल्याच लोकांनी पेशव्यांकडे धरलेला आग्रह, मग दोन वर्षं खाड्या, चिखल, मोर्चे, सुरुंग. १७३९ च्या जानेवारीत तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसईच्या तटाखाली सुरुंग उडवले तेव्हा काही उशिरा फुटले आणि पुढे धावलेली आपलीच माणसं त्यात गेली. ही माणसं पायी होती. मेसेजमध्ये त्यांना जागाच नाही.

"लूट हाच पगार" या वाक्याने मला सर्वांत जास्त त्रास होतो. अभिमानाने पाठवलेल्या या ओळीत आपण आपल्याच पूर्वजांना दरोडेखोर म्हणतो आहोत. लूट होत होती, ती नाकारायचं कारण नाही, आणि लोकांनी ती भोगली हेही खरं. पण शिपायाचा पगार ठरलेला असायचा. सभासद सांगतो: मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची, परतल्यावर झडती, आणि जास्तीचं काही निघालं तर ते त्याच्या हक्काच्या पैशातून वळतं व्हायचं. म्हणजे लूट सरकारची, वेतन शिपायाचं.

पेशवाईत हा हिशेब बिघडला, पण तो कसा ते बघा. ज्या बाजीरावांच्या नावाने कणसांची गोष्ट फिरते, त्यांनीच आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना कळवलं होतं की आपण कर्जाच्या नरकात पडलो आहोत, सावकार आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली. पेशव्याने शिलेदारांच्या पाया का पडावं? कारण त्यांचं देणं थकलं होतं. पुढे १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने थकलेल्या पगारासाठी धरणं धरून बसलेल्या फौजा पाहिल्या. लूट हाच पगार असता तर धरणं कशासाठी धरलं असतं? आणि वसई पडल्यावर काय झालं? शरण आलेल्या पोर्तुगीजांना हत्यारांसह, बायकामुलांसह, चीजवस्तू घेऊन जायची मुभा चिमाजी अप्पांनी दिली. दोन वर्षं चिखलात काढलेल्या शिपायाला हा पाहुणचार कसा वाटला असेल, याचा विचार मी वसईच्या किल्ल्यात गेलो की दर वेळी करतो. तरीही कौल पाळला गेला.

दसऱ्याचं सोनं थोडक्यात. दसरा हा निघायचा दिवस, परतायचा नव्हे. सीमोल्लंघन करून लष्कर बाहेर पडायचं आणि वैशाखात परतायचं. दसऱ्याला सोनं लादून घरी येणारा शिपाई पावसाळाभर लढत बसला होता असं मानावं लागेल. आपट्याच्या पानांना सोनं म्हणण्यामागे रघुराजा आणि कौत्साची कथा आहे, ती कोणत्याही आजीला विचारा.

राहिलं घरी येणं. वैशाखात परतलेल्या माणसापुढे महिन्याभरात मृग उभा असायचा. तलवार आढ्याला टांगायची आणि औत धरायचं. काही जण आलेच नाहीत. अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, मूल नसेल तर बायकोला निमं वेतन लावून दिलं, जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. पेशवाईत मेलेल्यांच्या मुलाबाळांना बालपरवेशी, म्हणजे पोटापाण्याची नेमणूक, मिळायची. हे सगळं कागदांत आहे, आणि मेसेजमधल्या सोन्याच्या घोड्यापेक्षा मला त्या निम्म्या वेतनाचा अभिमान जास्त वाटतो.

पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांकडे आली ती सावकारी भाषेत. दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, आणि खुर्द्याची तर गणतीच नाही. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, ते आपल्याला पाठ आहेत. खुर्दा, म्हणजे चिल्लर, तो हा शिपाई. वाचलेले लोक सूरजमल जाटाच्या मुलखातून आले, तिथे त्यांना अन्न आणि कपडे मिळाले, मग ग्वाल्हेर, मग दक्षिणेचा रस्ता. घोडी पानिपतावरच उपासाने आणि लढाईत गेली होती. बरेचसे पायी आले.