साडेतीन धपाट्यांचं गणित

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळ्या पालकांदेखत, मला शाळेचा मेसेज आला : 'उपक्रम छान. मात्र मागे खरकटी भांडी दिसत आहेत. ओटा आवरून व्हिडिओ पुन्हा पाठवावा.' खाली धडाधड अंगठे. त्यातल्या एकीच्या घरी मी जेवून आलेय, त्यामुळे तिच्या ओट्याबद्दल मला बरंच बोलता येईल, पण असो.

उपक्रम होता 'स्वयंपाकातून भाषा व गणित'. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला वाचता-लिहिता यावं, साधा हिशेब जमावा म्हणून 5 जुलै 2021 ला केंद्रानं निपुण भारत सुरू केलं, मुदत 2026-27. हेतूबद्दल तक्रारच नाही. फक्त दिल्लीहून निघालेलं ते अभियान लातुरात नेमकं संध्याकाळी, मी ऑफिसातून येऊन चप्पल काढत असताना, माझ्या ओट्यावर पोचतं.

लेकरू दुसरीत. धपाट्यांची कृती त्यानं मोठ्यानं वाचायची, पीठ मोजायचं, डब्यांना चिठ्ठ्या लावायच्या. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, इथवर सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात विरजण मागायला शेजारचे सर आले. सर निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे. नोकरीतून निवृत्त झाले, केंद्रप्रमुखपणातून नाही.

"वाटी कोणची घेतली?"

"घरातलीच, सर."

"ताई, घरात पाच तऱ्हेच्या वाट्या हायेत. मी बघायलोय ना. कोणची बी घ्या, पण सगळं एकाच वाटीनं मोजा. नाहीतर प्रमाण कसं शिकल ते?"

बरोबरच होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. मग सर खुर्ची ओढून बसले. "आमच्या वेळेला अपूर्णांक शिकवावाच लागत नव्हता. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सांग बाळा, पायलीत चिपटी किती?"

"चिपटं म्हणजे काय?"

"मापट्याच्या निम्मं."

"आन् मापटं?"

"दोन चिपटी!"

लेकरानं माझ्याकडं पाहिलं. मी तव्याकडं पाहिलं. तवा धुरावला होता.

पुढचा रकाना 'पाणी किती?' हे निदान लातूरच्या लेकरांना विचारू नये. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्याच खेपेला सुमारे 5 लाख लिटर घेऊन. माझं लेकरू तेव्हा जन्मलंही नव्हतं, पण घागर, ड्रम आणि टँकर यांतला फरक त्याला बाराखडीच्या आधी कळला. नळ कोणत्या वारी येणार याचा हिशेबही तेच सांगतं.

मग शुद्धलेखन. चिठ्ठीवर 'तिळ' लिहिलेलं सरांनी पकडलं. "तीळ दीर्घ. पण तिळाचा म्हणताना ऱ्हस्व." लेकरानं शांतपणे चिठ्ठी फाडली, नवीवर 'ओवा' लिहिलं आणि ती तिळाच्याच डब्याला चिकटवली. ती अजून तिथंच आहे.

"आता तोंडी," सर म्हणाले. "एका धपाट्याला दोन चमचे तेल, तर साडेतीन धपाट्यांना?"

"अर्धं कुणी थापलं?"

"ते इचारायचं नसतंय."

"आई अर्धं थापतच नाही."

"समज की थापलं."

"मग उरलेलं अर्धं पीठ कुठाय?"

सरांनी मान हलवली आणि मोहरा माझ्याकडं वळवला. "औटकी, साडेतीनचा पाढा, येत नाही का ओ ह्याला? तुम्हाला तरी येती का? म्हणा, बे औटे?" कोपरापर्यंत पिठात बरबटलेली मी, माझ्याच घरात, गॅस बारीक करून "सात" म्हणाले. नवरा मोबाईल धरून हे सगळं टिपत होता. "हात जरा बाजूला घे, लेकरू दिसंना," असं तो मलाच सांगत होता. म्हणजे थापायचं कुणी?

बरं, ग्रुपवर एका बापानं लेकरासोबत लिंबू सरबत केलं. चार चमचे साखर मोजली. मागं सगळ्या गावाची भांडी पडलेली. त्याला काय उत्तर? 'वा सर, प्रेरणादायी!' ओटा तपासला जातो तो फक्त आयांचा. अर्धी-पाव भाकरी मोडून वाढताना लेकरू रोज अपूर्णांक शिकतं, ते कुणी मागत नाही. त्याचा व्हिडिओ नसतो ना.

सरांनी 'नमुना तपासणी' म्हणून दोन धपाटे दह्यासोबत खाल्ले. मीठ कमी असल्याचा शेरा दिला. मी न राहवून विचारलं, "सर, तुमच्या नातवाचाही उपक्रम असंल की?"

"हाय की. पण आमच्याकडं मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. सर, नातू, उपक्रमाचा कागद आणि रिकामा डबा. "पीठ तुमच्याकडं हायेच," ते म्हणाले, "आन् ओटा बी आज आवरलेला दिसतोय."