ट्रॅक्टरचा चातुर्मास

परवा आषाढीला सकाळी सकाळी गावच्या ग्रुपवर माझ्या ट्रॅक्टरचा फोटो पडला. खाली लिहिलेलं, "देव झोपले, ट्रॅक्टर पण झोपला, कोणी हॉर्न वाजवू नये." तासाभरात बत्तीस हसणारे चेहरे. आणि एका भाच्याने, ज्याने गेल्या वर्षी माझी ट्रॉली नेऊन पंक्चर अवस्थेत परत लावली आणि वर "मामा, आधीपासूनच होतं" असं सांगितलं, त्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं.

मी राहतो नाशकात, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शेती निफाड तालुक्यात. बागेच्या फवारणीला छोटा ट्रॅक्टर आहे, तो भावाकडे असतो. मोठा 45 एचपीचा मात्र पेरण्या आटपल्या की दसऱ्यापर्यंत नुसता उभा. मागच्या वर्षी तो असाच लिंबाखाली उभा केला आणि ऑक्टोबरात बघतो तर बॅटरी मेलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला अशी चिकटलेली की मिस्त्रीने ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग केले. बिल 11,400. तेव्हा ग्रुपवर कोणी एक चेहरा टाकला नाही, हसरा सोडा, रडका पण नाही. म्हणून यंदा मी मॅन्युअल वाचलं, यादी काढली आणि शनिवारची सुट्टी टाकून गावी गेलो. इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही.

पहिलं काम, टाकी फुल करायची. टाकी अर्धी ठेवली की वरच्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री आतल्या पत्र्यावर पाणी धरतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जातं, मग गंज, मग डिझेल-पाण्याच्या सांध्यावर शेवाळासारखा चिकट थर, मग फिल्टर चोक. दोन कॅन घेऊन मोटारसायकलवर पंपावर गेलो तर पोरगा म्हणाला कॅनमध्ये देत नाही, गाडी आणा. परत आलो, ट्रॅक्टर घेऊन गेलो, जाऊन येऊन बारा किलोमीटर. मागे उभा असलेला पिकअपवाला म्हणतो, "काय शेठ, टाकी फुल? ट्रॅक्टरवर पंढरपूरला का?" घरी येईस्तोवर टाकी अर्थातच फुल राहिली नव्हती.

आणि मग आबा आले.

आबा म्हणजे बांधाशेजारचे, वय सत्तरच्या पुढे. उभा जन्म मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवण्यात गेला आणि कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरल्याची गोष्ट भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, जशी काही ती करण्यासारखी गोष्ट आहे. आले ते ग्रीस गन मागायला. ग्रीस गन घेतली, मांडीवर ठेवली आणि बाजेवर बसले ते चार तास.

"काय करून राह्यला रे?"

म्हटलं ऑइल बदलतोय. इंजिन गरम होतं म्हणून ड्रेन नट काढला, डांबरासारखं काळं ऑइल पाटीत पडायला लागलं. आबांनी आधी पाटीकडे बघितलं, मग शेजारच्या नव्या ऑइलच्या डब्याकडे.

"आता तीन महिने उभाच ना हा?"

"हो."

"मग नवं ऑइल आता कशाला? लग्नाचे कपडे घालून कोणी झोपतं का?"

मी समजावलं. म्हटलं आबा, वापरलेल्या ऑइलमध्ये अ‍ॅसिड असतं, पाण्याचा अंश असतो, ते तीन महिने बेअरिंगांना लागून बसलं की खातं त्यांना, म्हणून उभा करायच्या आधी बदलायचं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, मला वाटलं पटलं. म्हणाले, "ते काळं फेकू नको, मला दे. दाराच्या चौकटीला लावतो, वाळवी येत नाही."

म्हणजे अ‍ॅसिड माझ्या बेअरिंगला चालतं, फक्त वाळवीला चालत नाही.

बॅटरी काढताना मी आधी मायनसची वायर सोडली. आधी प्लस सोडायला गेलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. आबा म्हणाले, "अधिक-वजा काय करतोय, गणिताचा पेपर आहे का?" पण बॅटरी शेडच्या कोब्यावर ठेवली तर हेच आबा ताडकन उठले. जमिनीवर बॅटरी उतरते, खाली फळी पाहिजे! आता हे जुन्या रबरी खोक्याच्या बॅटऱ्यांच्या काळातलं, हल्लीच्या प्लास्टिकच्या बॅटरीला कोब्याने काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी गपचूप फळी आणली. अख्ख्या दिवसात मी त्यांचं ऐकलेलं एकच काम, ते पण चुकीचं.

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वेळी मॅन्युअल त्यांच्याच हातात होतं. उघडलेलं पान कूलंट गोठण्याबद्दलचं होतं, मी सहज म्हणालो की हे बर्फाच्या देशांचं आहे. तर आबांना एकदम निफाडचा अभिमान चढला. "अरे दर थंडीला आपला पारा पेपरात येतो! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात! महाबळेश्वरला विचारतो का कोणी?" यावर वीस मिनिटं गेली. थंडीबद्दल. आषाढात. माझे दोन्ही हात ग्रीसचे आणि ग्रीस गन त्यांच्या मांडीवर.

पुढचं पटापट उरकलं. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून वर रंगाचा डबा उपडा घातला, नाहीतर पाऊस सरळ इंजिनात. मागची, अवजारं उचलायची लिफ्ट खाली. उंदरांसाठी सीटखाली, बॉनेटमध्ये डांबर गोळ्या, त्यामुळे ट्रॅक्टरला आमच्या आजीच्या कपाटाचा वास यायला लागला. क्लच दाबून ठेवायचा म्हणजे प्लेट सुटी राहते, तर पेडल आणि सीटच्या मध्ये पोराची जुनी बॅट बरोब्बर बसली.

"ह्याला बॅटिंगला पाठवलाय का?" आबा. आणि त्यांच्या नातवाने फोटो काढला. हाच तो फोटो.

निघताना आबांनी शेवटचा सल्ला दिला, दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करायचा. म्हटलं आबा, पाच मिनिटात इंजिन नीट तापतच नाही, उलट आत पाणी धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. चालवायचा तर चांगला तापेपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका. तेव्हा ते काही न बोलता त्यांच्या ट्रॅक्टरकडे गेले. उघड्यावर उभा, सीट फाटलेली, मडगार्डवर कोंबडी, डिझेल कधी भरलं देव जाणे. सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फला चालू. पाच मिनिटांनी बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. तो अर्ध्या सेल्फचा आवाज मला नाशिकला येईपर्यंत ऐकू येत होता, खरं सांगायचं तर अजून येतोय.

काल आबांचा फोन. उघडीप आहे, पोरांना क्रिकेटला एक बॅट कमी पडते, घेऊ का? म्हटलं नाही आबा, अजिबात नाही, क्लच चिकटेल.

"घेतलीये," आबा म्हणाले. "काळजी करू नको, पेडलवर वीट ठेवलीये."

वीट? अहो आबा, अडीच-तीन किलोची वीट, त्या पेडलला माझा पूर्ण पाय लावून जोर द्यावा लागतो, वीट काय दाबणार ते...

"अरे, इठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभाय, तुझा क्लच तीन महिने नाही राहणार?"

आणि फोन ठेवला. ग्रीस गन अजून त्यांच्याकडेच आहे.