बोकड किती दाती?

माझ्या मुलीला पशुवैद्यक व्हायचे आहे. ती ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसली तेव्हा अर्जावरच्या छायाचित्रात चेहरा ८० टक्के असावा, पार्श्वभूमी पांढरी असावी आणि कान दिसावेत अशी सूचना होती. ती सूचना आम्ही इतक्या निष्ठेने पाळली की त्या छायाचित्रात मुलीपेक्षा तिचे कानच अधिक लक्षात राहतात. तेच छायाचित्र राज्याच्या प्रवेश अर्जाला जोडण्यासाठी परवा आम्ही तालुक्याच्या गावातील एका सेवा केंद्रात गेलो, आणि तेथे जे घडले त्यानंतर माझे डोके अजून ठिकाणावर आलेले नाही. मुलीचे आले आहे. तिला तो सारा प्रकार गमतीचा वाटतो आणि मला नेमके तेच खटकते.

अर्ज भक्कम करण्याच्या नादाला मला माझ्या थोरल्या भावाने लावले. तो अमेरिकेत असतो आणि त्याच्याही मुलीला पशुवैद्यकच व्हायचे आहे. (आमच्या घराण्यात आजवर कोणी मांजरसुद्धा पाळलेले नाही, त्यामुळे हे वेड कोठून आले याचा तपास दोन्ही खंडांत चालू आहे.) तिकडे बहुतेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांसाठी एकाच सामाईक सेवेमार्फत अर्ज करतात, त्याला शिफारसपत्रे जोडतात, आपल्याला हे का करायचे आहे यावर निबंध लिहितात आणि अनुभवाचे तास मोजून देतात. तासांचेही प्रकार आहेत. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेले काम वेगळे आणि प्राण्यांबरोबर केलेले इतर काम वेगळे. म्हणजे गोठ्यातले शेण एकट्याने काढले तर तो प्राण्यांचा अनुभव आणि शेजारी डॉक्टर उभा असताना काढले तर पशुवैद्यकीय अनुभव, असे भावाच्या फोनवरून माझे मत झाले आहे.

हे ऐकून मी ईर्ष्येला पेटलो. आपल्याकडचा अर्ज काय मागतो हे न विचारताच मुलीला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवू लागलो. तेथील डॉक्टर भले गृहस्थ निघाले. त्यांनी तिला खोड्यात उभ्या केलेल्या म्हशीची शेपटी धरण्यापासून सुरुवात करू दिली आणि पुढे लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला बर्फाचा डबा घेऊन वाडीवस्तीवर नेले. तिने एक वही ठेवली. तिच्यात जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक आहेत, घटसर्प आणि फऱ्या यांची लक्षणे आहेत, आणि अडलेल्या गायीच्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिले आहे, ‘पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक आधी आले तर वासरू सरळ आहे.’ त्या पानावर एक डाग आहे. तो कशाचा हे मी विचारलेले नाही. शिवाय ‘मला पशुवैद्यक का व्हायचे आहे’ या विषयावरचा निबंध मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला, शुद्धलेखन तपासले आणि तिने लिहिलेले ‘आवडते म्हणून’ हे एकच खरे कारण खोडून त्या जागी ग्रामीण अर्थव्यवस्था घातली.

वही आणि निबंध मी केंद्रचालकासमोर ठेवले. तो विशीतला मुलगा होता. एका कानाला फोन लावून तो दुसऱ्याच कोणाचा तरी पीक विमा भरत होता. त्याने वही उलटीसुलटी करून पाहिली.

“काका, हे कशाला आणलंय?”

“अनुभवाचा पुरावा आहे.”

“ह्याला रकानाच नाही.”

रकाना खरोखरच नव्हता. नीटचे गुण, बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, वयाची अट म्हणून त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षे पूर्ण, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, आधार, छायाचित्र आणि सही. संपला अर्ज. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे असतात, त्यामुळे तिरका फेकलेला चेंडू कोठे पडेल हे ज्याला सांगता येत नाही त्याला गायीपर्यंत पोहोचता येत नाही, मात्र गाय कोणत्या बाजूने लाथ मारते हे त्याला कोणी विचारीत नाही. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे वर्ष तर प्रत्यक्ष कामाचे, आणि उमेदवाराने त्याआधी जनावराला हात लावला आहे का या प्रश्नासाठी अर्जात बोटभर जागा नाही. अर्थात गुणांवर प्रवेश देण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे शिफारसपत्रे मागितली असती, तर आमदारांच्या बंगल्यासमोर पहाटेपासून रांग लागली असती आणि सगळ्याच उमेदवारांना लहानपणापासून गायींचा लळा असल्याचे एकाच मजकुराचे पत्र मिळाले असते. तरीही एखादा रकाना ठेवायला काय हरकत होती, असे मला आजही वाटते.

केंद्रचालकाने छायाचित्र चढवले, संगणकाने ते मोठे आहे म्हणून नाकारले, त्याने ते लहान केले, मग ते फार लहान झाले. हा खेळ चालू असताना आमच्या मागे तात्या येऊन उभे राहिले.

तात्यांचे नाव तात्या आहे हे साऱ्या रांगेला आधीच ठाऊक होते. धोतर, सदरा, डोक्याला फेटा आणि हातात दोरी, अशा थाटात ते आले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काळाभोर बोकड होता. त्या दिवशी आठवडी बाजार होता, आणि बाजारात जाता जाता आपली केवायसी उरकून घ्यावी असा त्यांचा बेत होता. परंतु जन्मभर खुरपे धरलेला त्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. केंद्रचालकाने तो ओल्या फडक्याने पुसला, स्वतःच्या पँटवर घासला, फुंकर मारली. यंत्र प्रत्येक वेळी तांबडे होत असे. बोकडाच्या कानातला बिल्ला मात्र तीन हातांवरून स्वच्छ वाचता येत होता.

“माझ्यापरीस ह्याचंच आधार बरं हाय,” तात्या म्हणाले आणि दोरी माझ्या हातात देऊन आमच्या अर्जात डोकावू लागले. “कशाचं शिक्षाण?”

मी सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. आजवर ज्या कोणाला मी हे सांगितले त्याचा चेहरा पडलेला पाहण्याची मला सवय झाली होती, म्हणून तात्यांविषयी माझ्या मनात तत्काळ आदर निर्माण झाला. ते मुलीकडे वळले आणि तेथे सर्वांसमक्ष तिची तोंडी परीक्षा सुरू केली. शेळी किती महिन्यांनी विते? पाच महिन्यांनी. जनावराची डावी भकाळी, म्हणजे कुशीची खोलगट जागा, फुगली तर काय समजायचे? पोटफुगी. मग तेल पाजायचे का? डॉक्टरांना विचारून पाजायचे, आणि पाजताना जीभ बाहेर ओढायची नाही व मान फार वर उचलायची नाही, नाहीतर तेल फुप्फुसात जाते. रांगेतले लोक माना डोलावू लागले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या एका बाईंनी तर आपल्या गायीला माज दिसत नसल्याची तक्रार मांडली. मी दोरी धरून उभा होतो आणि मनातल्या मनात त्या न सापडलेल्या रकान्यात एकेक उत्तर भरीत होतो. माझ्या आयुष्यात इतके सुखाचे क्षण सरकारी कामात क्वचितच आले असतील.

तेव्हा मला एक गोष्ट कळली नव्हती. तात्यांचे हे सारे चालले होते ते रांगेतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांसाठी. हे गृहस्थ पुण्याहून गावच्या नवसासाठी आले होते, त्यांना बोकड हवा होता, आणि तात्यांनी बाजारात जाण्याचे कष्ट वाचवून रांगेतच सौदा मांडला होता. बोकड दोन दाती, म्हणजे जेमतेम सव्वा-दीड वर्षाचा, कोवळा, म्हणून बारा हजार, असे तात्यांचे म्हणणे होते. गृहस्थांना दोन दाती म्हणजे काय हेच समजत नव्हते आणि न समजणारा माणूस जसा करतो तसा ते भाव नऊ हजारांवर अडवून बसले होते. त्यांना तज्ज्ञाचे मत हवे होते. तात्यांनी तज्ज्ञ आधी घडवला आणि मग पुढे केला.

“बगा की, आता शिकल्याली डॉक्टरीणबाईच हाय. पोरी, ह्या सायबांना सांग, बोकड किती दाती हाय.”

मुलीने बोकडाचा जबडा डाव्या हाताने धरला आणि उजव्या अंगठ्याने खालचा ओठ हलकेच दुमडला. शेळ्यामेंढ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे नुसती कठीण हिरडी असते. वय कळते ते खालच्या आठ दातांवरून. दुधाचे दात बारीक असतात, पक्के दात आले की रुंद, पिवळसर आणि चटकन वेगळे दिसतात, आणि ते मधल्या जोडीपासून सुरू होऊन जोडीजोडीने येत जातात. तिने पाहिले, ओठ आणखी थोडा ओढला, गृहस्थांनाही वाकून पाहायला सांगितले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, “चार.”

केंद्रात शांतता पसरली.

“दोन,” तात्या म्हणाले.

“चार, आजोबा. हे बघा, हे दोन मधले आणि त्यांच्या बाजूचे हे दोन. दोन वर्षांच्या आसपास असेल.”

गृहस्थांनी मोबाइलचा दिवा लावून बोकडाच्या तोंडात पाहिले, चार बोटे मोजली आणि साडेसहा हजार म्हणाले. तात्यांनी दोरी माझ्या हातातून हिसकावून घेतली. आता ज्या जिभेने डॉक्टरीणबाई म्हटले तीच जीभ भलत्या दिशेने वळली. अजून फारम भरलेला नाही, फोटो चढत नाही आणि ह्या म्हणे दात मोजणार. शिकलेल्या पोरांनी गरिबाचा धंदा बुडवायचा, एवढेच त्या कॉलेजात शिकवतात. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “माणसांचं न्हाय गावलं व्हय? म्हणून ढोरांचं?”

हे वाक्य मला पाठ आहे. निकालापासून ते मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, मुलीच्या क्लासच्या सरांकडून आणि एका रिक्षावाल्याकडून ऐकले आहे. प्रत्येकाचा सूर सांत्वनाचा असतो. तिने पहिल्यापासून हेच मागितले होते, हे त्यांना सांगितले की ते अधिकच हळहळतात. त्यांच्या मते आपण दुःख लपवीत असतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३.३ कोटी पशुधन मोजले गेले. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा गावोगाव गोठ्यांत गाठी आलेली जनावरे आणि सुया घेऊन फिरणारे डॉक्टर सगळ्यांनी पाहिले. आणि माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेले रोग आजवर दोनच आहेत. एक देवी, आणि दुसरा बुळकांडी, जो २०११ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. तो गुरांचा रोग होता आणि तो घालवण्यात ढोरांच्या डॉक्टरांचा हात होता. मी हे सर्व तात्यांना ऐकवण्यासाठी घसा खाकरला आणि ‘बुळकांडी’ एवढेच म्हणालो. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दचकून बोकडाकडे पाहिले आणि चष्मेवाले गृहस्थ दोन पावले मागे सरकले. सौद्याची उरलीसुरली आशाही संपली.

त्यानंतर तात्या माझ्याशीच भांडू लागले. बारा हजार मागितले होते, दहाला तरी सौदा पटला असता. मुलीने दोन दात जास्त सांगितले, दाताला हजार धरला तरी दोन हजार रुपये बापाने भरून द्यावेत, असा त्यांचा हिशेब होता. रांगेतल्या एका वकिलासारख्या दिसणाऱ्या माणसाने दात मुलीने वाढवलेले नसून ते आधीपासूनच होते, असा मुद्दा काढला. त्यावर तात्या म्हणाले, “व्हते, पर कुणी इचारलं व्हतं?” त्यांनीच विचारले होते, याची आठवण करून देण्याचे धाडस कोणी केले नाही.

एवढ्यात छायाचित्र एकदाचे चढले आणि केंद्रचालकाने पसंतीक्रम विचारला. मुलीने पहिले परळचे महाविद्यालय सांगितले. १८८६ पासूनची संस्था आहे, मोठे रुग्णालय शेजारी आहे, तिने सगळी माहिती काढून ठेवली होती. तात्या भांडण अर्धे सोडून खुर्चीमागे आले. “मुंबई कशापायी? तिथं काय ढोरं हायत? शिरवळ टाक पयलं. सुट्टीला यष्टीनं घरी येशील.” मुलगी विचारात पडली. त्यांची दोघांची शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर यांवर चर्चा सुरू झाली. उदगीरला म्हशी चांगल्या पाहायला मिळतील असे तात्यांचे मत पडले, आणि ज्याने नुकतेच तिला धंदा बुडवणारी म्हटले होते त्या माणसाचा सल्ला माझी मुलगी वहीत उतरवून घेत होती. माझे मत कोणी विचारले नाही. अर्जाचे शुल्क तेवढे माझ्याकडून घेतले.

शेवटी शिरवळ पहिले गेले. परळ दुसरे. मी पावती घेतली, निबंध घडी करून खिशात घातला आणि बाहेर येऊन प्रकरण मिटवण्यासाठी तात्यांना चहा विचारला. ते लगेच बसले. बोकड टपरीच्या बाकाला बांधला. चहा झाल्यावर त्यांनी मुलीला जवळ बोलावून, बाजारात घेणारा भेटला आणि त्याने विचारलेच तर निदान तीन दाती म्हण, अशी विनंती केली. दात जोडीने येतात म्हणून सहसा तीन दाती म्हणता येत नाही, असे तिने त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते पटल्यासारखी मान हलवली, माझ्या हिशेबात आणखी एक चहा व चार खाऱ्या सांगितल्या आणि त्यांतल्या दोन बोकडाला घातल्या.