हडसनकाठची बारा गावं एक करावीत का?

जर्सी सिटीत, न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा भरतो. परवा होबोकनकराने मोबाइलवर मालमत्ता कराचं तिमाही बिल उघडलं. एक ओळ काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची), एक शाळांची, एक नगरपालिकेची. काका बिल बघून तडकले. "एवढ्याशा काउंटीत बारा नगरपालिका कशाला? बारा महापौर, बारा पोलीस खाती. करून टाका एक!"

म्हणण्यात दम होता. हडसन ही न्यू जर्सीतली सर्वांत लहान काउंटी. जमीन जेमतेम 120 चौरस किलोमीटर आणि 2020 च्या जनगणनेत माणसं 7,24,854. पूर्वेला हडसन नदी, मधे पॅलिसेड्सचा कडा, पलीकडे हॅकेनसॅक नदीची दलदल, आणि हॅकेनसॅक ओलांडली की कर्नी, हॅरिसन, ईस्ट न्यूअर्क.

गुटेनबर्गकर उसळला. त्याचं गाव अर्ध्या चौरस किलोमीटरचं, वस्ती बारा हजारांची. "आमच्याकडे खड्डा दाखवायला महापौर गाठता येतो. जर्सी सिटीत तीन लाखांच्या गर्दीत मला कोण विचारतो?"

"पण तुमची मुलं हायस्कूलला नॉर्थ बर्गनलाच जातात ना?" ताईंनी विचारलं. त्याला ते कबूल करावं लागलं.

काकांनी मग जुना दाखला काढला. 1840 मध्ये बर्गन काउंटीतून हडसन वेगळी निघाली. 1869 मध्ये गावं जर्सी सिटीत विलीन करायची की नाही, यावर मतदान झालं. सगळी मतं मिळून बहुमत विलीनीकरणाच्या बाजूने होतं, पण होकार दिलेल्या आणि जर्सी सिटीला लागून असलेल्याच गावांना आत घेता येणार होतं. त्यात बसली फक्त हडसन सिटी आणि बर्गन ही दोन गावं. ती 1870 मध्ये आली, ग्रीनव्हिल 1873 मध्ये. होबोकन आणि बायोन बाहेरच राहिली. "तेव्हा झालं असतं तर आज ही कटकट नसती!"

"आणि सगळं हेगच्या हातात गेलं असतं," होबोकनकर म्हणाला. फ्रँक हेग 1917 ते 1947 अशी सलग तीस वर्षं जर्सी सिटीचे महापौर होते. पण ताईंनी तिथेच पकडलं. गावं वेगळी असूनही हेगची पकड अख्ख्या काउंटीवर होतीच की! मला त्यांचं पटलं. सत्ता एकवटायला नकाशावरच्या रेघा आड येत नाहीत. होबोकनकराने मग 2017 ची निवडणूक काढली. रवी भल्लांसारखा पगडीधारी शीख महापौर होतो तो होबोकनसारख्या छोट्या गावात, हे त्याचं म्हणणं. ते मात्र कोणाला खोडता आलं नाही.

माझं म्हणणं पाण्याचं होतं. होबोकन मुळात दलदलीने वेढलेलं बेट. 2012 मध्ये सँडी वादळात हडसनचं पाणी तिथल्या रस्त्यांवर शिरलं, न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ लोकल गाड्या बंद पडल्या. पाणी गावाची हद्द विचारून आलं नाही. नंतर केंद्र सरकारने 23 कोटी डॉलर दिले, ती पूरयोजनाही होबोकनबरोबर वीहॉकन आणि जर्सी सिटीचा काही भाग धरूनच आखावी लागली. मग पुराचं काम तरी काठावरच्या सगळ्या गावांनी एकत्र का करू नये? बायोनपासून नॉर्थ बर्गनपर्यंत जाणारा केनेडी बुलेवार्ड काउंटी सांभाळतेच. काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचा प्रमुख, आहे, निवडून आलेले नऊ कमिशनर आहेत. आम्ही त्यांना कधी जाब विचारतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

"अग्निशमनाचं बघा," ताई म्हणाल्या. 1999 मध्ये उत्तरेकडच्या पाच गावांनी आपापले बंब एकाच दलाकडे सोपवले. त्या पाचांत गुटेनबर्गही आहे, आणि तिथला महापौर आजही तिथलाच आहे.

गुटेनबर्गकर जरा नरमला. पुराचं काम काउंटीला द्यायला तो तयार झाला. पोलीस मात्र देणार नाही म्हणाला, आणि काकांना नेमके तेच एक करायचे होते.