२१४७४८३६४७ : मूळ की संयुक्त?

बंड्याचा जावातला प्रोग्राम म्हणतो, २१४७४८३६४७ मूळ नाही. अण्णा उसळलेच.

"२ चा ३१ वा घात वजा १! ती मूळ आहे हे गणिती ऑयलरने १७७२ सालीच दाखवलंय. तुझी लूप थांबते कुठे?"

"आयचा, म्हणजे ज्याने भागून बघतोय त्याचा, वर्ग एनपेक्षा, म्हणजे तपासायच्या संख्येपेक्षा, मोठा झाला की. म्हणजे ४६,३४१ ला."

"आणि आय साधा इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक?" ताई म्हणाल्या. "मग ती थांबायचीच नाही. ४६,३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी तुझा एन. वर्ग तिच्यापुढे गेला की उलटून उणे २१४७४७९०१५ होतो. एनपेक्षा मोठं इंटमध्ये काही नसतंच, त्यामुळे अट कायम खरी. लूप खुद्द एनपर्यंत पोचते, एनला एनने भागते, बाकी शून्य, की म्हणते सापडला विभाजक! आय लाँग कर, म्हणजे ६४ बिटांचा."

"केला. पण विषम संख्यांनीच भागायचं तरी तेवीस हजारांवर भागाकार. ऑयलरने हाताने केले?"

"छे रे," अण्णा म्हणाले. "क्यू हा मूळ विभाजक धर. २ च्या ३१ व्या घाताला क्यूने भागलं की बाकी १. ३१ मूळ, म्हणून क्यू वजा १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क्यू विषम, म्हणून ६२ ने. शिवाय २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग, त्याची बाकी २. असं असेल तर क्यूला ८ ने भागून १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी जुळवल्या की क्यू म्हणजे २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवलेली संख्या. ४६,३४० च्या आत अशा १८६ आणि १८७. खुद्द ६३ मूळ नाही, ती काढ. राहिले ३७२ भागाकार."

"मग याहून मोठ्या संख्यांनाही हेच करायचं!"

"जमणार नाही," ताईंनी तोडलं. "२०२४ साली सापडलेली मूळ संख्याही २ चा घात वजा १ अशीच, पण तिचा घातांकच १३,६२,७९,८४१ आहे, अंक ४,१०,२४,३२०. तिथे अशाच संख्यांसाठी असलेली ल्युका-लेमर चाचणी. ४ घे, वर्ग कर, २ वजा कर, संख्येने भागून बाकी ठेव. हे घातांक वजा २ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. 'बहुधा मूळ' वगैरे काही नाही. ३१ या संख्येसाठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, बघ: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. २०४७ ला, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १ ला, नऊ पायऱ्यांनी १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त."

"पण १७३६ वरून २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ हे कुठे कळतं?" अण्णा अडून बसले.

"नाही कळत. आणि मध्ये एक बिट चुकला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. म्हणून निकाल वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या प्रोग्रामने पुन्हा तपासतात."

"तरी आधी लहान विभाजक शोधतातच ना? आणि तेही याच दोन अटी लावून!"

"हो, ते खरं. एक विभाजक मिळाला तरी कोट्यवधी वर्ग वाचतात."