चार्ल्सटनच्या खोट्या झडपा आणि खऱ्या पडव्या

आमच्या चार्ल्सटनमध्ये नवी इमारत उभी राहायची म्हटलं की वाद ठरलेला. सगळं अडतं एकाच प्रश्नावर: ती जुन्यासारखी दिसते का? मला या प्रश्नाचा आता वीट आलाय. ती इमारत इथल्या उन्हात, दमट हवेत आणि भरतीच्या पाण्यात कशी टिकणार, हे फार कमी लोक विचारतात. गावातली जुनी घरं तर नेमकी याच गोष्टींचा विचार करून बांधलेली आहेत.

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: साउथ कॅरोलायनाचा किनारा, अ‍ॅशली आणि कूपर या नद्यांच्या मधली जमिनीची चिंचोळी जीभ, आणि तिच्यावर १६८० पासून वसलेलं शहर. इथल्या खास घराला 'सिंगल हाउस' म्हणतात. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि रुंदी एका खोलीएवढीच. लांब बाजू अंगणाकडे, आणि तिला लागून दोन-तीन मजली 'पियाझा', म्हणजे आपली पडवीच, फक्त मजल्यांवर मजले चढवलेली. ही पडवी दक्षिणेला किंवा पश्चिमेला. समुद्रावरून येणारं वारं तिच्यातून घरात शिरतं, आणि घर एकाच खोलीएवढं रुंद असल्यामुळे आरपार निघून जातं. दुपारचं ऊन पडवीच झेलते, आतल्या भिंती तापत नाहीत.

मला सगळ्यात जास्त आवडते ती शेजारधर्माची सोय. घर प्लॉटच्या उत्तरेकडच्या हद्दीला चिकटून बांधायचं आणि त्या बाजूच्या भिंतीला खिडक्या कमी ठेवायच्या, कारण त्या भिंतीसमोर शेजाऱ्याची पडवी आणि बाग असते. आपल्यालाही दक्षिणेच्या शेजाऱ्याकडून तेच मिळतं. इतक्या दाटीवाटीत प्रत्येकाला वारं आणि एकांत दोन्ही मिळतात. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात नाही, पडवीत पाऊल टाकतो.

आता नवीन बांधकामं बघा. द्वीपकल्पाच्या वरच्या भागात अपार्टमेंटच्या इमारती उभ्या राहिल्यात. त्यातल्या एकीच्या खिडकीपाशी थांबून मी झडप हाताने चाचपून पाहिली. पोकळ प्लास्टिक. बिजागरी नाही, चार स्क्रूने भिंतीत कायमची ठोकलेली. मिटता आली असती तरी अर्धी खिडकी उघडीच राहिली असती इतकी अरुंद. खिडकीही उघडणारी नव्हती. जुन्या घरांच्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा वादळात मिटून घ्यायच्या असतात, आणि एरवी त्या फडफडू नयेत म्हणून भिंतीत इंग्रजी 'एस'च्या आकाराची लोखंडी कडी असते. त्या झडपेचं काम काढून घेतलं आणि नुसता चेहरा ठेवला. याला मी परंपरा म्हणणार नाही.

गावाने जपणूक केली नाही असं मुळीच नाही. जुनी घरं पाडली जाऊ लागली तेव्हा सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये जतन संस्था उभी राहिली. १९३१ मध्ये शहराने ऐतिहासिक भागासाठी कायदा केला, अमेरिकेतला असा पहिलाच, आणि परवानगी द्यायला मंडळ नेमलं. तो कायदा नसता तर मी वर सांगितलेल्या पडव्या आज फोटोतच बघाव्या लागल्या असत्या. पण घरं वाचली, भाव चढले, आणि त्याच गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांना भाडं आणि कर झेपेनासे झाल्यावर गाव सोडावं लागलं.

आणि ही घरं बांधली कुणी? विटांकडे जवळ जाऊन बघा. काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांनी, त्यांत लहान मुलंही होती, ओल्या विटा उचलल्या तेव्हा उमटलेले. लोखंडी फाटकांची ती सुंदर नक्षी बघायला पर्यटक येतात, त्यातली कितीतरी फाटकं फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराच्या भट्टीतली आहेत. १९८९ मध्ये ह्यूगो वादळाने घरं मोडली तेव्हा गिलावा, लोहारकाम, सुतारकाम जुन्या पद्धतीने करणारे कारागीरच मिळेनात. त्या टंचाईतूनच इथे बांधकामाच्या कला शिकवणारं कॉलेज निघालं. वारसा हा कारागिराच्या हातात असतो, हे गावाला वादळानंतर कळलं.

म्हणून मला २०१४ ची घटना अजून खटकते. क्लेमसन विद्यापीठ मीटिंग स्ट्रीटवर स्थापत्यशास्त्राच्या केंद्रासाठी आधुनिक धाटणीची इमारत बांधणार होतं. रहिवाशांचा विरोध इतका वाढला की विद्यापीठाने तो आराखडा मागे घेतला. आराखडा निर्दोष होता असं माझं म्हणणं नाही. पण जिथे विद्यार्थी इमारती कशा बांधायच्या हे शिकणार, तिथेच आजच्या काळाची इमारत नको, हे मला पटत नाही.

आता इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघा. २०२३ मध्ये गॅड्सडेन्स वॉर्फवर उघडलं, म्हणजे ज्या धक्क्यावर हजारो आफ्रिकन माणसांना बेड्या घालून उतरवलं त्याच जागेवर. वास्तुविशारद हेन्री कॉब यांनी अख्खी इमारत १८ खांबांवर जमिनीपासून १३ फूट उचलली. ती जमीन पवित्र म्हणून मोकळी सोडली, आणि वादळाचं पाणी आलं तर त्यालाही वाट मिळाली. खांबांवर शिंपल्यांच्या टॅबीचं आवरण आहे, याच किनाऱ्यावरचं जुनं बांधकाम साहित्य. खाली सावली आहे, वारं खेळतं. एकही खोटी झडप नाही, आणि तरी अलीकडच्या इमारतींत मला ही सर्वांत जास्त इथली वाटते.

बांधकामाला परवानगी देणारं मंडळही हळूहळू बदलतंय. आता साध्या भरतीलाही रस्त्यांवर पाणी येतं, त्यामुळे जुनी घरं जॅकने उचलून उंच पायावर बसवायला परवानगी मिळू लागली आहे. घराचं रूप थोडं बदलतं, पण घर कोरडं राहतं. हाच निकष नव्या इमारतींनाही लावा, एवढीच माझी मागणी आहे. खिडक्या उघडतात का, पश्चिमेचं ऊन कोण अडवणार, पाणी कुठून जाणार, हे आधी विचारा. कौलाचा रंग आणि कंगोरे नंतर बघू.

कुणी इकडे येणार असाल तर रेनबो रो या रंगीबेरंगी घरांच्या रांगेसमोर फोटो जरूर काढा, पण एलिझाबेथ स्ट्रीटवरचं एकेन-रेट हाउस चुकवू नका. ते मुद्दाम रंगरंगोटी न करता ठेवलंय. दिवाणखान्याइतकाच वेळ मागच्या अंगणाला द्या. तिथे स्वयंपाकघर आणि गुलामांच्या राहण्याच्या खोल्या अजून उभ्या आहेत. नंतर म्युझियमच्या खालच्या बागेत जा. तिला तिकीट लागत नाही.